किटली फुंकणारे मुकादम

“किटली फुंकलीत का?” मुकादमांनी जिन्यातून उतरता उतरता विचारलं, तेव्हा किटली डांबरात बुडालेली होती.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात बॉयलरच्या आतून मोहरी तडतडल्यासारखा आवाज आला आणि डांबर फुगायला लागलं. दूध उतू जातं तसं, फक्त काळं आणि कितीतरी जास्त वेगानं. फेस काठावर आला, काठावरून खाली ओघळला, आणि खाली बर्नर पेटलेला होता. भडका उडाला. आमच्यातली धाकटी बाई, सुमन, बॉयलरच्या पलीकडे उकिडवी बसून तारेच्या ब्रशनं रस्त्यातली भेग साफ करत होती. तिची पाठ आमच्याकडे होती. मुकादम धावत आले. तिला खांद्याला धरून पलीकडे ढकललं आणि उजवा हात त्या ओघळणाऱ्या डांबराखालून घालून बर्नरचा कॉक बंद केला. कॉक पुरता फिरेपर्यंत हात तिथंच ठेवला. मग बाहेर काढला. कोपरापर्यंत काळा होता आणि त्यातून धूर येत होता. सुमनचा पदर पेटला होता.

गल्ली बिबवेवाडीतली. वेळ सकाळी दहाच्या सुमाराची. पुढचं सांगते, पण आधी हा माणूस कोण ते सांगायला हवं. नाहीतर डांबरात किटली कशाला आणि ती फुंकायची कशाला, हे कळणार नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. रस्त्याच्या कामावर एकवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा या मुकादमांच्या हाताखाली. ठेकेदाराकडे बारक्या दुरुस्त्यांचं काम असायचं. आमची टोळी चौघांची. मुकादम, मी, सुमन आणि टेम्पो चालवणारा इस्माईल. मोठे रस्ते मोठ्या यंत्रांचे. आमच्या वाट्याला गल्ल्या.

मुकादम अंगानं काटकुळे. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, मनगटाशी बटण लावलेला. आम्ही बायका कामावर साडीवरून पुरुषी शर्ट घालतो, पण बाह्या दुमडून. ते दुमडू द्यायचे नाहीत. उकडतं म्हटलं तर म्हणायचे, “डांबर त्याहून गरम असतं.” आम्हा बायकांनाही ते अहोजाहो करायचे. रागावले की ‘आपण’ म्हणायचे. त्यांच्या तोंडून ‘आपण’ ऐकलं की समजायचं, आता सोलणार.

बिडी नाही, सिगरेट नाही, तरी खिशात काडेपेटी कायम. ती भेगा मोजायला. रस्त्यात भेग दिसली की खाली बसायचे आणि काडी गुलाकडून आत घालून बघायचे. काडी गेली तर भेग भरायची. नाही गेली तर उठायचे. भर रहदारीत बसायचे. मागून रिक्षावाले ओरडायचे, “काका, हरवलं काय?” ते मान वर न करता म्हणायचे, “अजून नाही. हरवेल.”

खड्ड्यांचा त्यांना कंटाळा होता. खड्डा भरायला सांगितला की भरायचे, पण उगीच आल्यासारखे. त्यांचं म्हणणं, खड्डा हा शेवट आहे. सुरुवात भेगेपासून होते. भेगेतून पाणी आत जातं, खालची खडी सुटी होते, वरून एक टँकर गेला की रस्ता बसतो. मग सगळे म्हणतात टँकरनं खड्डा पाडला. “टँकर आज आला. पाणी दोन वर्षं येतंय,” असं म्हणायचे. भेग उन्हाळ्यात भरली तर एका किटलीत काम होतं. तीच सोडली तर दोन वर्षांनी ट्रकभर माल लागतो. हे त्यांनी प्रत्येक साहेबाला सांगितलं. प्रत्येक साहेब बदलून गेला. खड्ड्याची तक्रार येते, फोटो येतो. भेगेचा फोटो कोणी पाठवत नाही.

पाऊस उघडला की तासाभरानं ते खडू घेऊन बाहेर पडायचे. रस्ता वरून वाळतो, पण भेगांत पाणी राहिलेलं असतं, त्यामुळे त्या काळ्या रेघांसारख्या दिसतात. त्या रेघांच्या कडेनं ते खडूनं खुणा करायचे. ही वेळ चुकली की बारीक भेगा पुन्हा दिसत नाहीत. त्यासाठी ते जेवणावरूनही उठलेले आहेत. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, “मोरीच्या भिंतीला एवढा तडा गेलाय, त्यात पाल राहते. तो यांना दिसत नाही.” मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “त्या भिंतीवरून गाड्या जात नाहीत.”

एकदा खुणा करताना एका बाईंनी गॅलरीतून विचारलं, “काय हो, पुन्हा केबलसाठी खणणार का?”

“नाही.”

“मग गॅसच्या पाइपसाठी?”

“नाही.”

“मग खुणा कसल्या?”

“न खणण्याच्या.”

त्या बाई बराच वेळ गॅलरीत उभ्या होत्या. पटलं नसावं.

आता किटली. भेगेत डांबर ओतायला आमच्याकडे झारी असते. झारीनं ओतलं की निम्मं भेगेत आणि निम्मं रस्त्यावर. रस्त्यावरचं उन्हात वितळून चपलांना लागतं, आणि पावसात त्यावरून गाडी घसरते. मुकादमांनी विश्रांतवाडीला एका बंद पडलेल्या चहाच्या दुकानातून मोठी अॅल्युमिनियमची किटली आणली. मुठीला गोणपाट गुंडाळलं, तोटीचं तोंड ठोकून बारीक केलं. बॉयलरमध्ये बुडवून अर्धी भरायची आणि भेगेवरून चालत बारीक धार सोडायची. मागून मी खडीची बारीक कच पसरायची, वर पाय द्यायचा, झालं. इस्माईल विचारायचा, “मुकादम, कटिंग की फुल?” ते म्हणायचे, “बिनसाखरेचा.” त्यांच्याकडून विनोद म्हणून तेवढंच मिळायचं.

अवजारांना डांबर चिकटू नये म्हणून सगळीकडे डिझेल लावतात. फावडं डिझेलच्या डब्यात बुडवायचं आणि कामाला लागायचं. मीही तेच करायची. त्यांच्या हाताखाली माझा दुसराच दिवस होता.

“बाई, आपण घरी भाजीत रॉकेल घालता का?”

“नाही.”

“मग रस्त्यात का घालताय?”

डिझेल डांबराला पातळ करतं. जिथं ते ठिबकतं तिथं रस्ता मऊ राहतो आणि पहिल्या पावसाळ्यात तिथूनच उखडतो. हे त्यांनी मला जुन्या रस्त्यावर नेऊन दाखवलं. फावडं ठेवतात त्या जागी, फावड्याएवढाच खड्डा. तेव्हापासून आमच्याकडे डिझेल बंद आणि साबणाच्या पाण्याची बादली सुरू. अवजारं साबणाच्या पाण्यातून काढायची. किटलीसुद्धा. फक्त ती आदल्या दिवशी साबणातून काढून उन्हात पालथी ठेवायची आणि डांबरात घालण्याआधी तोटीत जोरात फुंकायची. तापलेल्या डांबरात चमचाभर पाणी गेलं तरी त्याची वाफ होऊन सगळं डांबर वर येतं. किटलीच्या पोटातलं पाणी दिसतं. तोटीतलं दिसत नाही.

म्हणून ते रोज फुंकायचे. दोन्ही हातांनी किटली उचलून, गाल फुगवून. कधी काही निघायचं नाही. अकरा वर्षांत मी तोटीतून पाणी उडालेलं दोनदा पाहिलं असेल. आम्ही हसायचो. इस्माईल म्हणायचा, “शंख वाजला, चला कामाला.” शेजारच्या इमारतींतली माणसं खिडकीत यायची. एका आजोबांनी त्यांना मूळव्याधीवर औषध सुचवलं होतं, गाल बघून. संबंध काय ते मला अजून कळलेलं नाही.

बिबवेवाडीतल्या त्या गल्लीत एकाच जागी दरवर्षी भेग पडायची. आम्ही भरायचो, ती पुन्हा उघडायची. कारण वर होतं. तीन मजली सोसायटीच्या गच्चीवरची टाकी रोज सकाळी भरून वाहायची आणि पाणी पन्हळीतून नेमकं तिथं पडायचं. सोसायटीचं काम बघणारे गृहस्थ तळमजल्यावर राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले. मुकादम त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मी बरोबर होते.

“तुमच्या टाकीनं रस्ता खाल्लाय,” मुकादम म्हणाले.

“रस्ता आपला का? मला वाटलं महापालिकेचा.”

“आणि टाकी?”

“टाकी सोसायटीची.”

“मग सोसायटीनं रस्ता खाल्लाय.”

“तसं लेखी द्या. सभेत ठेवतो.”

“सभा कधी?”

“गणपतीनंतर.”

“तोपर्यंत पाणी बंद ठेवता?”

त्या गृहस्थांनी दार लावलं. फार जोरात नाही, पण लावलं. मुकादम दुसऱ्या दिवशी लेखी घेऊन गेले. अक्षर माझं, कारण त्यांचं त्यांनाही लागायचं नाही. गृहस्थांनी तो कागद वाचला आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून परत दिला. त्या माझ्या चुका होत्या. मला राग आला, पण चुका होत्या हे खरं.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्या सकाळी, मुकादम कागद दुरुस्त करून पुन्हा गेले. गृहस्थ वर गच्चीत होते, म्हणून हेही वर गेले. बॉयलर पेटवलेला होता. ते मला सांगून गेले, “आलोच.” पंधरा मिनिटं झाली. गच्चीवरून दोघांचे आवाज येत होते. इकडे डांबराचा धूर पांढऱ्याचा पिवळट व्हायला लागला. पिवळा धूर म्हणजे डांबर करपायला लागलं. करपलेलं डांबर भेगेत घातलं तर थंडीत कुडकुडीत होऊन तडकतं, म्हणजे भेगेत भेग. हे त्यांनीच मला शिकवलेलं. आणि बर्नर कमी केला तर पुन्हा तापायला अर्धा तास. गल्लीचं तोंड आम्ही बंद केलेलं, दोन्हीकडून हॉर्न वाजत होते.

किटली कोरडी नव्हती. आदल्या दिवशी ती साबणातून काढायची राहिली होती, म्हणून सकाळी काढली आणि सावलीत पालथी ठेवली. बॉयलरही मी दोन बोटं जास्त भरला होता, म्हणजे दुसरी खेप नको. मी किटली उचलली, आत पाहिलं. पोट कोरडं होतं. फुंकायचं माझ्या लक्षात होतं. विसरले असं मी कोणाला सांगितलं नाही, कारण विसरले नव्हते. गल्लीत माणसं बघत होती, आणि गाल फुगवून तोटीत फुंकायची मला लाज वाटली. ते त्यांचं काम, असं मनात म्हटलं आणि किटली बुडवली.

पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे.

सुमनच्या पदरावर इस्माईलनं कच ओतली, घमेलं भरून, तिच्या अंगावरच. आग विझली. मग तो बॉयलरवर कच टाकायला लागला. तेवढ्यात ते बँकेतले गृहस्थ खाली आले, बागेचा पाइप ओढत, आणि पाण्याची धार सरळ बॉयलरकडे धरली. जळत्या डांबरात ती धार गेली असती तर त्या गल्लीत कोणी उरलं नसतं. मी त्यांच्या हातावर फटका मारला. म्हटलं, “त्याच्यावर नको. माणसांवर.” त्यांना कळलं नाही. मी पाइप हिसकला आणि मुकादमांच्या हातावर धरला.

माणसं जमली. कोणी म्हणालं, डांबर ओढून काढा, आत भाजतंय. कोणी खोबरेल आणलं. एकानं मुकादमांचा हात धरलाही. मुकादम खाली बसले होते, चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचा होता.

“ओढू नका. कातडी येईल. आपण कोण?”

“मी इथंच राहतो.”

“मग तिथंच राहा. बाई, पाणी चालू ठेवा. सुमनच्या मानेवर पण.”

वीस मिनिटं मी पाणी घालत होते. एकदा त्यांच्यावर, एकदा तिच्यावर. पाणी त्याच टाकीचं. जन्मभर रस्त्यावरचं पाणी बघून हळहळणारा माणूस त्या ओहोळात बसला होता आणि पाणी भेगेतच जात होतं. त्यांनी ते पाहिलं. इस्माईलनं दोघांना टेम्पोतून दवाखान्यात नेलं. माझ्या मनगटावर तीन थेंब पडले होते, ते मला संध्याकाळी दिसले. त्याचे डाग अजून आहेत.

सुमनची मान आणि कानामागचा भाग भाजला. पाठ शर्टामुळे वाचली. मुकादमांचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर पहिले चार दिवस म्हणत होते. साखर होती, वय होतं, जखम चिघळली तर हात काढावा लागेल, आणि ताप चढला तर हाताच्याही पुढचं. मी रोज जायची. त्यांच्या बायकोनं मला पहिल्या दिवशी विचारलं, “किटलीत पाणी कोणी ठेवलं?” मी म्हटलं, “मी.” तिनं डबा माझ्याकडे दिला आणि म्हणाली, “त्यांना भरवा, मी औषधं घेऊन येते.” मी भरवलं. त्यांनी आमटीत मीठ जास्त आहे असं सांगितलं.

पाचव्या दिवशी साहेब कागद घेऊन आला. तरुण होता, भला वाटला. अपघात कसा झाला ते लिहून हवं होतं. मी खाटेपाशी उभी होते. मला वाटलं, मुकादम काहीतरी सांभाळून घेतील. डांबराच्या पिंपातच पाणी होतं म्हणतील. माझं काम जाणार हे त्यांनाही ठाऊक होतं. घरात कमावणारी मी एकटी, तेही ठाऊक होतं.

ते म्हणाले, “किटली बाईंनी ओली घातली. बॉयलर जास्त भरला. मी त्या वेळी जागेवर नव्हतो, भांडायला गेलो होतो. तापलेलं डांबर सोडून मुकादमानं जायचं नसतं. तिन्ही लिहा.”

साहेब म्हणाला, “तिन्ही लिहिलं तर दोघांवरही येईल.”

“दोघांनीच केलंय.”

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. महिनाभर राहिला. मला दोन महिने घरी बसवलं. त्या दोन महिन्यांत धुणी-भांडी केली. राग कधी गेला ते आठवत नाही. पण पिंपात पाणी होतं असं लिहिलं असतं, तर लोक पिंपं तपासत बसले असते आणि किटली कोणी फुंकली नसती. हे मला भांडी घासताना कळलं.

हात राहिला. डांबर आठ-दहा दिवसांत मलमानं सुटत गेलं. बाहीमुळे मनगटाच्या वर कमी भाजलं होतं. बोटं मात्र पुरती मिटेनात. किटली त्यांना पुन्हा धरता आली नाही. मला परत कामावर घेतलं तेव्हा ती माझ्याकडे आली. मी रोज सगळ्यांसमोर फुंकली. इस्माईल एकदाही शंख म्हणाला नाही.

पुढच्या वर्षी बॉयलर गल्लीत न्यायचं बंद झालं आणि थंड डांबराचे डबे आले. पातळ, तपकिरी, पाण्यात मिसळलेलं, न तापवता ओतायचं. भेगेत गेलं की काळं होऊन धरतं. मला वाटलं, मुकादम नाकं मुरडतील. त्यांनी डाव्या हाताचं बोट बुडवून बघितलं, दोन दिवसांनी भेगेत काडी घालून बघितली. मग म्हणाले, “चांगलं आहे. पाणी आधीच घालून देतात. आता बाईंनी फुंकलं नाही तरी चालेल.” हे वाक्य पुढे प्रत्येक डबा उघडताना ऐकलं, ते सोडून जाईपर्यंत.

बँकेतल्या गृहस्थांनी टाकीला नवा बॉलकॉक बसवला. सभा न घेता. मुकादम बरे होऊन गल्लीत आले तेव्हा ते दारात उभे होते. म्हणाले, “बघून घ्या. थेंब नाही.” मुकादमांनी तोवर भरलेल्या भेगेपाशी बसून डाव्या हातानं काडी घातली. काडी गेली नाही. “लेखी द्या,” म्हणाले. त्या गृहस्थांना हसू आलं. यांना नाही.

आता ते मांजरीला मुलीकडे असतात, उसाच्या शेतांत नव्या इमारती झाल्या आहेत तिथं. मागच्या महिन्यात मी गेले होते. सोसायटीतले रस्ते सिमेंटचे आहेत. म्हटलं, आता तुम्हाला काम नाही. ते मला खाली घेऊन गेले आणि दोन फरश्यांच्या मधला सांधा दाखवला. काडेपेटी मला काढायला लावली, त्यांच्या बोटांनी काडी निघत नाही. काडी गेली. “सांगितलंय यांना,” म्हणाले, “सभा गणपतीनंतर आहे.”

सुमननं आता नवी टोळी धरली आहे. तिथं ती मुकादम आहे आणि बाह्या कोणाला दुमडू देत नाही. इस्माईलचा टेम्पो गेला, रिक्षा आली. मी काम सोडलं. बिबवेवाडीची गल्ली माझ्या वाटेवर आहे. ती भेग उघडलेली नाही.

त्या सकाळी बॉयलरपाशी आम्ही चौघं होतो. चौघंही जिवंत आहोत.